छबुबाईचं मनगट

चौसाळ्यात कुणाची पाठ धरली, खांदा आखडला, की पावलं छबुबाईच्या ओसरीकडं वळायची. निजामाच्या राज्यात दवाखाना म्हणजे बीडला, आणि बैलगाडीचे धक्के खात तिथं पोचेतो पाठ राहायची बाजूला, कंबरच दुखायला लागायची. त्या ओसरीवरचा भाजलेल्या ओव्याचा वास ज्यांनी घेतला, ते तो शेवटपर्यंत विसरले नाहीत.

शेक द्यायला ती नवऱ्यामुळं शिकली. आश्रुबा मोट हाकायचा आणि चार दिवसांआड वाकडा होऊन घरी यायचा. लोखंडी कढईत गंगेची, म्हणजे गोदावरीची, बारीक वाळू तापवायची, मूठभर ओवा टाकायचा आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची. दुखऱ्या जागी एरंडेल लावलेलं रुईचं पान, त्यावर शेक. ताज्या मुरगळीला मात्र दोन दिवस नुसतं ओलं फडकं. घाई करणाऱ्याला ती सुनवायची की दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं, मुंगीला चाबूक मारून उपयोग नाही. गस्तीवरच्या जमादारालाही तिनं असंच परत पाठवलं होतं. बरा झालेला माणूस गेवराईकडं गेला की येताना तिच्यासाठी वाळू आणायचा, एवढाच रिवाज.

पुरचुंडी दुसऱ्याच्या अंगाला लावण्याआधी ती आपल्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची. मनगटानं सोसलं तरच पुढं. वीस-पंचवीस वर्षांत तिथली कातडी काळवंडून निबर झाली. गावाला त्या डागाचं कौतुक, आणि खरं सांगायचं तर तिलाही ताठा होता. त्या ताठ्यानंच घात केला.

जर्मनच्या लढाईचं साल होतं. गल्लीतली नवी सून मुक्ताबाई दळून दळून खांदा धरला म्हणून सासूबरोबर आली. छबुबाईनं मनगटावर पाहिलं, कोमट वाटलं, पुरचुंडी ठेवली. भाजतंय का, म्हणून विचारलंही. पण सासूदेखत सून काय बोलणार? न्हाई म्हणाली आणि दात आवळून बसली. दुसऱ्या दिवशी छबुबाईनं तिच्या घरी जाऊन पदर सारून पाहिलं, तर तळहाताएवढा फोड.

घरी येऊन तिनं कढईतली तापली वाळू चिमटीनं मनगटावर घेतली. काहीच कळलं नाही. तिनं कढई पालथी घातली आणि आल्यागेल्याला परत पाठवू लागली. लंगडत जाणारी माणसं ओसरीवरून पाहताना तिला रडू यायचं, आणि रडताना कुणी पाहिलं की राग यायचा.

महिन्याभरानं मुक्ताबाई एकटीच आली. फोड बरा झाला होता, खांदा तसाच होता. तिनं न विचारता कढई सुलटी केली.

"काऊन आलीस गं? मला आता गरम कळत न्हाई," छबुबाई म्हणाली.

"मला कळतंय की, आत्याबाई."

तिनं स्वतःच पुरचुंडी बांधली, आपल्या डाव्या मनगटाला टेकवली आणि झटकन काढली. "अजून लई गरम हाय. थांबा जरा."

छबुबाई थांबली.

पुढं कैक वर्षं मनगट मुक्ताबाईचं आणि शेकणारे हात छबुबाईचे, असंच चाललं. एकदा पुरचुंडी घेताना छबुबाईला त्या कोवळ्या मनगटावर चिंचोक्याएवढा काळा डाग दिसला. तिनं तो हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"उद्यापसनं उजवा हात लाव," ती म्हणाली. "मग परत डावा. मला सांगणारं कुणी नव्हतं, बाई."