तिचं गाणं ठेवायचं की काढायचं

आखाडा बाळापूरला आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारी पत्र्याचं सभागृह भरतं, नाताळात बाहेर सतरंज्या टाकाव्या लागतात. मी शाळेत शिकवते आणि मंडळीच्या तरुण संघाचं काम पाहते. कोरोनात उपासना बंद पडल्या तेव्हा संघातल्या पोरांनी यूट्यूब चॅनल काढलं. ते पुढेही चालू राहिलं.

चॅनलवर सगळ्यात जास्त ऐकली जायची ती एका गवंड्याची मुलगी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून गायची. कुणीतरी तिच्या एका गाण्याचा तुकडा कापला, खाली गाढवाचं ओरडणं जोडलं आणि गावातल्या ग्रुपांवर सोडून दिला. तिच्या वडिलांनी तो स्लॅबच्या कामावर दुसऱ्याच्या फोनवर पाहिला. संध्याकाळी ते सिमेंटच्या कपड्यांतच पाळकांकडे आले.

"लेकीचं गाणं काढून टाका," ते म्हणाले. "आन् तिला पुन्हा गायला उभी करू नका."

रविवारी उपासनेनंतर पाळकांनी बैठक घेतली. वडीलधारे म्हणाले, चॅनलच बंद करा. शूटिंग करणारा तरुण म्हणाला, पोलिसांत जाऊ. बराच वेळ मुलीच्या अब्रूवर बोलणं चाललं. ती बाहेर चहाचे कप विसळत होती. तिलाच आत बोलवू या, असं मी म्हणाले.

"लेकराला आनखी तकलीफ काहून देता?" एक आजोबा म्हणाले.

 पाळक स्वतःच उठून दारापर्यंत गेले. ती ओढणीला हात पुसत आली. तिचे वडील खाली बघत होते.

"बाळा, तुला काय वाटतं?" पाळकांनी विचारलं.

"गाणं राहू द्या. काढलं तर हसणाऱ्यांचंच खरं होईल."  मग शूटिंग करणाऱ्याकडे वळली. "पण तुमी मला विचारून कवाच फोन धरला न्हाई. आता आधी विचारायचं. मला अन् सगळ्यांनाच."

"व्हय, न्हाई विचारलं," तो म्हणाला.

"लोकं हसून राहिले, पोरी," तिचे वडील म्हणाले.

"हसू द्या, बाबा."

ते उठले, गाडीची किल्ली घेतली आणि निघून गेले.

गाणं राहिलं, खालच्या कमेंट बंद केल्या. तिने आणि पाळकांनी मिळून तक्रार दिली. तुकडा कुणी सोडला ते कळलं नाही. उपासनेआधी आता प्रत्येकाला विचारलं जातं. काही जण नको म्हणतात, मग फोन पेटी वाजवणाऱ्याकडे वळवतात. लहान लेकरांचे चेहरे घेत नाहीत.

पुढे नांदेडला तरुणांत काम करणाऱ्यांसाठी शिबिर झालं. उजेड कुठून यावा, आवाज कसा घ्यावा, हे एका जाणकाराने नीट शिकवलं. अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा मी हा प्रसंग सांगितला. चॅनलला किती लोक जोडलेत, असं त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. ते पुढच्या माणसाकडे वळले.

मुलगी आता नांदेडला पुढचं शिकते, सुट्टीत येऊन गाते. वडील बरेच रविवार सभागृहाबाहेर मोटारसायकलवर बसून राहायचे. उन्हाळा लागल्यावर आत येऊन पंख्याखाली बसू लागले. चॅनल मात्र बघत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं.