वहिनीचा रिकामा ट्रे

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे वहिनीच म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. तिची नणंद त्याच खोलीत पलीकडच्या टेबलाशी बसायची आणि दिवसभर तिला त्याच नावाने हाका मारायची, मग इतरांनी तरी वेगळं काय म्हणायचं?

संगणक तेव्हा कपाटांएवढे होते आणि त्यांना वाचता यायची ती फक्त भोकं. मीटरवाल्याने लिहून आणलेले आकडे वहिनी मशीनवर टाइप करायची आणि लांबट पुठ्ठ्याच्या कार्डावर खटाखट भोकं पडायची. भोक एक घर सरकलं, तर एकट्या राहणाऱ्या म्हातारीने महिन्यात तलाव उपसल्याचं निघायचं. म्हणून तीच कार्डं नणंदेच्या पडताळणीच्या मशीनवर जायची. तोच कागद समोर ठेवून ती तेच आकडे पुन्हा टाइप करायची. जुळलं नाही की लाल दिवा लागायचा आणि मशीन हटून बसायचं. चुकलेलं कार्ड ज्याचं त्याच्या ट्रेमध्ये परत. आणि ट्रे टेबलावर सगळ्यांना दिसेल असाच ठेवायचा, हा खोलीचा रिवाज होता.

वहिनीचा ट्रे कायम रिकामा. "माझ्या बोटांना डोळे आहेत," असं ती मिरवायची. तोंडाने फटकळ, पण तिच्या हाताला तोड नाही, हे तिच्यावर जळणारेही कबूल करायचे. खोलीच्या प्रमुखाची जागा लवकरच रिकामी होणार होती आणि ज्याच्या चुका सर्वांत कमी त्याला ती देणार, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. वहिनीने मनातल्या मनात ती खुर्ची खिडकीकडे फिरवूनही ठेवली होती.

अशात नणंद तापाने आजारी पडली. तिच्या मशीनवर नवी मुलगी बसली, आणि दुपारच्या चहाच्या आत वहिनीचा ट्रे भरला.

वहिनी तिच्यावर उखडली. "नाचता येईना, अंगण वाकडं! आधी मशीन नीट शिकून घे."

मुलगी रडकुंडीला आली. तिने मीटरवाल्याचे कागद पुढे केले. वहिनीने ते खिडकीशी नेले, हात लांब करून वाचले, कार्डांशी ताडून पाहिले. तीनचे आठ झाले होते, आठचे तीन. चुका तिच्याच होत्या. जवळचं तिला धड दिसत नव्हतं, आणि चष्मा म्हणजे म्हातारपण म्हणून ती टाळाटाळ करत आली होती. मग इतके दिवस ट्रे रिकामा कसा राहिला, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

घरी गेल्या गेल्या ती नणंदेच्या अंथरुणाशी बसली.

"वन्सं, माझी चुकलेली कार्डं कुठे जातात?"

नणंदेने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "जेवणाच्या सुट्टीत मी नवी करते. चुकलेली फाडून टाकते."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मी नवऱ्याचं घर सोडून आले, तेव्हा सगळे चौकशीला आले होते. तू त्यांना दारातूनच पिटाळलंस. म्हणालीस, आमची मुलगी आमच्या घरी आली, त्यात विचारायचं काय? मग तुझं कार्ड चारचौघांत परत टाकायला माझा हात कसा धजावेल, वहिनी?"

वहिनीला रागही आला आणि भरूनही आलं. ती उठली आणि नणंदेच्या कपाळावरची पट्टी बदलली.

सकाळी भरलेला ट्रे तिने थेट साहेबांपुढे ठेवला. "या माझ्या चुका. याआधीच्या वन्संनी झाकल्या, पण माझ्यासाठी. बोलायचं ते मला बोला. चष्मा आजच करायला टाकते."

साहेब बोलले, भरपूर बोलले. खुर्ची तिसऱ्याच बाईला गेली.

नणंद कामावर परतली ती डोळे पुसतच. "माझ्यामुळे गेली गं तुझी जागा."

"रडू नका. मला घरी सांभाळा. इथे माझ्या चुका पकडायच्या!" वहिनी नव्या चष्म्याच्या काचा पुसत म्हणाली.

नणंद कामाला लागली आणि थोड्याच वेळात तिच्या मशीनवर लाल दिवा लागला. तिने पुन्हा टाइप केलं, पुन्हा लाल. सगळी खोली बघत होती. ती उठली आणि ते कार्ड तिने वहिनीच्या ट्रेमध्ये टाकलं.

वहिनीने कागद मागवला. कार्ड पाहिलं, कागद पाहिला, चष्मा सारखा करून पुन्हा दोन्ही पाहिलं. मग खोलीभर ऐकू जाईल अशी खळखळून हसली.

"वन्सं, कार्ड बरोबर आहे. आता तुम्हीही चष्मा करायला टाका."