पाणी वाया न घालवणारा चोर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते, मग छाती फुगते. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता आणि मी तिथल्या पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. पावर हाउसजवळच्या मजूर कॅम्पात नळांच्या पितळी तोट्या एकामागून एक चोरीला जाऊ लागल्या. चोर मोठा विचित्र. तोटी काढली की पाइपाच्या तोंडात बाभळीची खुंटी घट्ट ठोकून जाई. बायकांची पाण्यासाठी वणवण सुरू झाली.

खबऱ्याने बातमी आणली. बाजारात पितळ विकणारा माणूस कारखान्यातलाच पाइप फिटर होता, भंडाऱ्याकडचा. त्याला ठाण्यात आणले, तर त्याचे एकच पालुपद, "मले काय मालूम, साहेब?" दरडावून उपयोग नव्हता. काही माणसे धाकाने बोलत नाहीत, डिवचले की बोलतात. मी चहा मागवला आणि हवालदाराला सहज म्हणालो, "चोर अगदीच बेअक्कल. सगळे पाणी वाया घालवले."

फिटर उसळलाच. "पानी कावून वाया जाईन? हरेक पाइपाले खुटी ठोकली ना मी!"

हवालदाराच्या बशीतला चहा सांडला. फिटरने जीभ चावली, पण कबुली देऊन झाली होती.

बातमी पसरताच ठाण्यापुढे गर्दी जमली. "जेलात सडवा त्याले!" फिटरची बायको भिंतीशी रडत उभी होती. नवरा तुरुंगात गेला की नोकरी गेली आणि डोक्यावरचे छप्परही. पहिल्या गुन्ह्याला कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा तेव्हा नवा होता. मी गर्दीलाच विचारले, "जेल, की नळदुरुस्ती?"

पुरुष ओरडले, "जेल!"

तेवढ्यात रिकामी घागर घेतलेली एक मावशी पुढे आली. "जेलात हा बसल्या जागी पानी पिईन, आन आमी कावून फिरावं? चाकू मारनाऱ्याले टाका जेलात. याच्या हातात पाना द्या!"

बायकांनी तिला उचलून धरले. मी तेच कोर्टापुढे मांडले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी फिटरला हमीवर सोडले, सगळ्या तोट्या बसवून देण्याच्या अटीवर. नोकरीही वाचली.

शिक्षा काय असावी हे ज्याचे नुकसान झाले त्याला विचारावे, बघ्यांना नव्हे, हे मी त्या केसमध्ये शिकलो. शेवटची तोटी बसली तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. पाणी धो धो आले. घागर काठोकाठ भरली तशी मावशी फिटरवर खेकसली, "बंद कर ना बाबू, पानी वाया चाललं!"

त्याने हसत तोटी फिरवली.