तीन झाकलेल्या वाट्या

लाज कोळून प्यालेला माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात शोधायचा झाला, तर शिरपूरला आमच्या चुलतसासऱ्यांच्या ओसरीवर येऊन थांबावं. पुढे जायची गरज पडणार नाही. लाजायचं सगळं काम त्यांनी आम्हां नातेवाइकांवर सोपवलं आहे आणि जावई म्हणून त्यातला मोठा वाटा माझ्याकडे आला आहे. टीव्ही नुकता कुठे घरांत शिरत होता, तोही काळापांढरा, त्या काळात काका मुंबईला टीव्हीवर बक्षिसांचा खेळ घ्यायचे. गावच्या गणपतीत निवेदन करणारा पोरगा कारकुनी करायला मुंबईला गेला, आवाजावर निवडला गेला आणि बघता बघता ओळखीचा चेहरा झाला. खेळ अगदी साधा. प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की समोरच्या तीन बंद पेट्यांतली एक निवडायची. एकीत प्रेशर कुकर, एकीत हातरुमाल आणि एकीत वांगं. निवड झाली की काका बोट वर करून विचारायचे, "नक्की?" त्या एका शब्दाने भल्याभल्यांना घाम फुटायचा म्हणे.

पुढे टीव्ही रंगीत झाला, नवे चेहरे आले, कार्यक्रम बंद पडला आणि काका गावी येऊन सोयाबीन पेरू लागले. कार्यक्रम बंद पडल्याचं त्यांना मात्र कुणी कळवलं नसावं. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माझ्यासमोर ओळीने तीन झाकलेल्या वाट्या आल्या. "एकीत चहा, एकीत ताक, एकीत पाणी," काका टीव्हीच्या धुतलेल्या मराठीत म्हणाले, "निवडा, जावईबापू." मी मधलीवर बोट ठेवलं. "नक्की?" मी नक्की म्हणालो आणि पाणी निघालं. नियम म्हणजे नियम! चहा काकांनी माझ्यादेखत, फुंकर घालत घालत संपवला. सोबत आलेले माझे वडील वांग्याच्या पेटीतून निघाल्यासारखे बसून होते.

एकदा एसटीत कंडक्टरने "कुठं जाचं?" विचारलं, तर काका म्हणाले, "आपण ओळखा. तीन संधी देतो." मागे गर्दी खोळंबलेली. कंडक्टरने तिकिटाचं मशीन सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या काका, तुमीच फाडा तिकिटं, मी बसतो जरासा." बस हसली, काकाही हसले, आणि मी खिडकीबाहेरच्या तुरीत तोंड खुपसलं. पण त्याहून वाईट म्हणजे शेजारी कुणी वारलं तेव्हाची गोष्ट. मुलगा रडत दारात आला, म्हणाला, "काका, बाबा गेले." काकांचं बोट सवयीने वर गेलं. "नक्की?" त्या घरापुढून जाताना मी अजूनही चालण्याचा वेग वाढवतो.

अशा या माणसाची एकच गोष्ट मला कळत नसे. कुणी ओळखावं म्हणून जे बाजारातून मुद्दाम हळू चालतात, ते अकोल्याला जाता-येता मेडशी आलं की तोंडावर पंचा ओढून घेत. विचारलं की म्हणत, "तिथे माझे चाहते फार. गाडी अडवतात." मी मेडशीत चाहते शोधले. भजी तळणारा माणूस सोडून कुणी आमच्या गाडीकडे बघतसुद्धा नव्हतं.

यंदा त्यांचे डोळे दाखवायला अकोल्याला गेलो. दवाखान्यात मेडशीच्या एका माणसाने त्यांना ओळखलं. आता "नक्की?" येणार म्हणून मी तयारीने दुसरीकडे बघू लागलो, पण तो म्हणाला, "तुमची मावशी आता खाटेवरच हाये, बापू," आणि काका गप्प झाले. परतीच्या वाटेवर पातूरचा घाट चढून गेलो. मग काका एकदम त्या मावशीबद्दल बोलू लागले.

मावशी नात्याची नव्हती. शाळेसाठी मेडशीला राहत, तेव्हा तिने त्यांना स्वतःच्या पोरांसोबत जेवू घातलं होतं. पुढे ती भावाकडे मुंबईला गेली, कार्यक्रम बघायला आली आणि तिलाच खेळायला बोलावलं गेलं. नऊवारी सावरत येऊन ती कॅमेऱ्यासमोर मोठ्याने म्हणाली, "काहून रे, वळखलं नाही काय मले? माह्या घरी जेवला ना तू!" काका हसून म्हणाले, "नाही हं बाई, आपली ओळख नसावी." लोक खो-खो हसले. इकडे ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर सगळं मेडशी ते पाहत होतं.

"निवेदकाच्या ओळखीच्या माणसाला खेळू देत नसत," काका म्हणाले. "मी ओळख दिली असती तर तिचा कुकर गेला असता."

"मग बरोबरच केलंत की," मी म्हणालो.

मेडशी आलं. पंचा मांडीवरच राहिला. "गाडी थांबवा," ते म्हणाले.

मावशी खाटेवर होती. दिसत फारसं नसावं. "कोन हाये?" तिने विचारलं. मी नाव सांगणार, तर काकांनी माझा हात दाबला.

"मी, मावशी."

"टीव्हीवाला काय रे?"

काका दारातच उभे. "तवा नियम होता, मावशी," ते म्हणाले. मावशीने तोंड भिंतीकडे केलं. मग त्यांचा आवाज इतका खाली आला की तो त्यांचा वाटेना. "पन नियम मले मागून आठवला. आंदी लाजच वाटली. तुह्या लुगड्याची. तुह्या बोलन्याची."

मावशीने मान वळवली. "नक्की?"

"नक्की."

"मले तवाच दिसलं होतं रे, तुह्या तोंडावर," ती म्हणाली. "आज निस्ता नियम सांगून गेला असता, तं चहा नसता पाजला तुले." आणि तिने सुनेला हाक मारली.

चहा येईपर्यंत काका पंच्याने डोळे पुसत होते. फळीवर तिने खेळात जिंकलेला तो कुकर होता, अजून नवाकोरा. चुलीवर कधी चढलाच नव्हता. त्यात तुरीचं बियाणं भरून ठेवलं होतं. मी तिकडे बघतोय हे काकांनी पाहिलं आणि मान खाली घातली. इतकी वर्षं मी ज्यांच्यापायी लाजत होतो, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा किती तरी जास्त लाज होती. माझे डोळे भरून आले.

परवा शिरपूरला गेलो. ओळीने तीन वाट्या आल्या. मी तिसरी निवडली, चहा निघाला. सहज उरलेली झाकणं उचलली, तर त्यांतही चहाच.

"काका, हे काय?"

"प्या न बापू, थंडा होते," ते म्हणाले. बोट वर गेलं नाही. मी चहा प्यायलो. पूर्वीसारखं "नक्की?" होऊन पाणी निघालं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र वाटत राहिलं.