मासेमाराची टाकी

कारखान्यात त्याला सगळे मासेमार म्हणत. त्याने जन्मात कधी गळ हातात धरला नव्हता की जाळं टाकलं नव्हतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसणारा शिपाई होता. नऊ वर्षांपूर्वी मालक भेटीला येणार होते, त्याच सकाळी केबिनमधल्या काचेच्या टाकीतले सहाच्या सहा गोल्डफिश पोट वर करून तरंगताना सापडले. साहेबांनी मालकांसमोर आणि झाडून सगळ्या स्टाफसमोर त्याच्याकडे बोट दाखवलं. "शिपाई म्हणून ठेवला होता, मासेमार निघाला!" मालक हसले. मालक हसल्यावर बाकीच्यांना हसावंच लागतं. पण हे पुढे नऊ वर्षं हसत राहिले.

स्टूल गेलं. त्याची रवानगी माल चढवायच्या शेडमध्ये झाली. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटायचं, मासेमार हे याचं आडनावच आहे. साहेबांनी टाकीत प्लॅस्टिकची झाडं लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "मला फार शौक होता हो, पण आमच्या मासेमाराने मोडला."

सगळ्यात वाईट म्हणजे त्याला स्वतःलाही ते खरं वाटायचं. आदल्या संध्याकाळी टाकी धुतली होती ती त्यानेच. शेजारी गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायला सांगत, तेव्हा तो बायकोला पुढे करायचा. "माझ्या हाताला यश नाही," म्हणायचा. राग गिळायचा आणि वर अपराधही आपलाच मानायचा, म्हणजे आपल्याच गालावर आपणच मारून घेण्यातला प्रकार.

साहेब निवृत्त झाले. स्टाफने वर्गणी काढून त्यांना नवी कोरी टाकी भेट दिली, मासे आणि सामानासकट. जुनी टाकी भंगारात निघाली, तेव्हा तो पुढे होऊन म्हणाला, "ती मला द्या."

"मासेमार टाकी घेतोय! माशांनो, मृत्युपत्रं करून ठेवा!" शेडभर हशा पिकला. त्याला मासे पाळायचेच नव्हते. त्याला ती टाकी फोडायची होती.

टेम्पोतून उतरवून त्याने ती मागच्या मोरीजवळ ठेवली आणि हातोडा आणला. बायको दारात उभी राहिली.

"फोडा की. काचा मात्र तुम्ही वेचायच्या."

"वेचीन."

"आणि साहेबांना काय होणार? ते आपले घरी पाय पसरून झोपतील. अहो, सूड उगवायचा तर नीट उगवा. त्यांच्याच टाकीत मासे जगवून दाखवा. सलू दे त्यांच्या डोळ्यात."

हे त्याला पटलं. हातोडा खाली ठेवून त्याने टाकी पाण्याने भरली. तासाभरात खाली थारोळं. बायको कसली गप्प बसते! "साहेबांची टाकी, कुठंतरी पाणी मुरणारच."

एका कोपऱ्यातला सिलिकॉन सुटला होता. त्याने ब्लेडने जुना सिलिकॉन खरवडला, नवा भरला, तीन दिवस वाळू दिला. काचेवरचे पांढरे क्षार व्हिनेगरने पुसले. लोखंडी स्टँड सरळ बसलाय का, हे ताटलीत पाणी ओतून पाहिलं, वर थर्माकोल अंथरला आणि मग टाकी ठेवली. बारीक खडे अकरा वेळा धुतले. नव्या पाण्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसायला लागली, तसा तो मासे आणायला निघाला.

माशांच्या दुकानातल्या बाईंनी जाळी हातात घेतली आणि विचारलं, "टाकी कधी भरली?"

"आज सकाळी."

"मग आज मासे देत नाही."

"अहो, पाणी काचेसारखं आहे!"

"म्हणूनच देत नाही. माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते खाणारे जंतू आधी वाढावे लागतात, खड्यांत आणि फिल्टरच्या स्पंजात. रोज चिमूटभर खाणं टाका आणि महिनाभर पाणी मुरू द्या." त्यांनी आपल्या टाकीतल्या काळपट स्पंजाचा तुकडा कापून पिशवीत घातला. "हे विरजण समजा. आणि एक ध्यानात ठेवा. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच घालायचं, तेही एका वेळी चौथा हिस्सा. सगळं पाणी एकदम बदललं, स्पंज साबणाने घासला, की सकाळी मासे उलटे."

त्याने काउंटर घट्ट धरला. एरवी तो साहेबांच्या टाकीतलं दोन मग पाणी काढून दोन मग शिळं पाणी घालायचा, आणि मासे ठणठणीत असायचे. त्या एका संध्याकाळी मात्र साहेबांनी फर्मावलं होतं, "सगळं पाणी काढ. स्पंज साबणाने घास. मालकांना वाटलं पाहिजे, मासे हवेत पोहतायत." त्याने विचारलंही होतं, "साहेब, सगळं?" त्यावर साहेब म्हणाले होते, "सांगितलं तेवढं कर. अक्कल मी वापरतो."

म्हणजे नऊ वर्षं तो दुसऱ्याचं पाप स्वतःच्या नावावर वागवत होता! घरी येईपर्यंत त्याचं डोकं तापून लाल झालं होतं. तिथल्या तिथे साहेबांच्या घरी जाऊन दार बडवावं असं वाटलं. पण चार भिंतींत साहेब कबूल झाले तरी शेडला काय कळणार? नाव चारचौघांत पडलं होतं, ते चारचौघांतच पुसायला हवं होतं. तो थांबला. टाकीत पाणी मुरत होतं आणि त्याच्या पोटात राग. पाणी आधी दुधासारखं गढूळ झालं, मग आपोआप निवळलं. राग काही निवळला नाही.

महिन्याने त्याने पाच गप्पी मासे आणले. नऊ वर्षं गप्प बसलेल्याच्या घरी दुसरे कुठले मासे यायचे! पुढच्या महिन्यात त्यांना पिल्लं झाली. तो शेडमध्ये कुणाला एका शब्दाने बोलला नाही.

मग एके दुपारी साहेब जुन्या लोकांना भेटायला म्हणून कँटीनमध्ये आले. जेवायची सुट्टी होती, बाकं भरलेली. चहा घेता घेता साहेब कुरकुरायला लागले, "तुम्ही दिलेली टाकी छान आहे हो, पण मासे टिकत नाहीत. कामवाल्या बाईचा हातच वाईट. काढूनच टाकतोय तिला."

तो आपला डबा मिटून उठला आणि साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, त्या बाईंना काय काय करायला सांगता?"

"अरे, दर रविवारी सगळं पाणी बदलायला लावतो. स्पंज साबणाने—"

"जरा मोठ्याने सांगा. मागच्यांना ऐकू येत नाही."

"सगळं पाणी बदलायचं, स्पंज साबणाने घासायचा. काच लखलखते अगदी! आणखी काय करायला पाहिजे?"

"तसं केलं की मासे मरतात. माशांच्या दुकानात कुणालाही विचारा. मालक येणार होते त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला हेच करायला लावलंत. मी विचारलं होतं, सगळं? तुम्ही म्हणालात, अक्कल मी वापरतो."

साहेबांनी कप बशीत ठेवला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी बाकं हसायला लागली. त्याच लोकांचं तेच हसू, फक्त तोंड फिरलेलं. त्याने ते पुरतं ऐकून घेतलं. त्याला ते फार गोड लागलं, आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

"मग पाणी बदलायचं तरी किती?" साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं.

मुद्दाम चुकीचं सांगावं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तसे मासे मेले असते तर नाव खरं झालं असतं.

"चौथा हिस्सा, शिळं पाणी. आणि यापुढे स्वतःच्या हाताने करा, साहेब. मेले तर नाव तुमचं लागू दे."

त्यानंतर महिन्याभराने साहेब पुन्हा गेटवर आले, तेव्हा वॉचमनने आत हाक दिली, "मासेमार आलेत!" शेडमध्ये तो सवयीने 'ओ' द्यायला वळला होता. मग थांबला आणि पुढचं खोकं उचललं.