जड पॉवर सप्लाय

"हात लावू नकोस. आधी काय पाहिजे ते सांग."

एवढं बोलून दुकानदाराने माझ्यासमोरचा खोका ओढून घेतला आणि फडक्याने पुसला. खोक्यावर धूळ नव्हती. माझी बोटं लागली होती. काउंटरपाशी तीन गिऱ्हाइकं उभी होती. तिघांनीही पाहिलं. एक जण लगेच मोबाइलमध्ये बघायला लागला.

दुकानात शिरले तेव्हा मी 'तुम्ही' होते. "या मॅडम, काय दाखवू तुम्हाला?" असंच म्हणाला होता तो. मग कोटेशन करायचं म्हणून नाव-पत्ता विचारला. मी आडनाव सांगितलं. नाशिक रोडची आमची वस्ती सांगितली. त्याचं पेन थांबलं. तिथून पुढे मी 'तू' झाले. कोटेशन राहिलं ते राहिलंच.

मला कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय हवा होता. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला सोसेल तेवढी देणारा लोखंडी डबा. कॉम्प्युटर मी घरीच जोडत होते. आयटीआयला मी ड्राफ्ट्समन केलंय. अंबडच्या एका वर्कशॉपवाल्याने मशीनच्या पार्टांची वीस ड्रॉइंग करायला दिली होती. आठ दिवसांची मुदत. जमलं तर कायमचं काम. माझ्यासाठी हे काम म्हणजे भंगाराच्या ढिगाऱ्यातून उठायचा एकच रस्ता होता.

हो, भंगार. आई भंगार गोळा करते, मी तिच्याबरोबर निवडते. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं लोकांनी टाकलेल्यातून मी एकेक करून बाजूला ठेवलं होतं. तपासून, पुसून. फक्त पॉवर सप्लाय नवा घ्यायचा हे पक्कं होतं. बाकी सगळं जुनं चालतं, हा चालत नाही. हा बिघडला की एकटा मरत नाही, बाकीच्यांना घेऊन मरतो.

महिनाभर वाचून मी एक ठरवला होता. मोठा नाही, रंगीत दिव्यांचा तर नाहीच. पण खोक्यावर जेवढे वॉट लिहिलेत तेवढे खरंच देणारा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. त्याच्यापुरते पैसे ओढणीच्या गाठीत होते. दुकानाच्या काचेच्या कपाटात तो मला दिसत होता. मी बोट दाखवलं.

"तो तुला नाही परवडणार," दुकानदार म्हणाला. "खाली क्रेटमध्ये सुटे आहेत, त्यातला बघ. तुमच्याकडे तेच चालतात."

परवडत होता मला. एवढंच म्हणायचं होतं. पैसे काउंटरवर ठेवायचे होते. त्याऐवजी मी खाली बसले आणि क्रेटमध्ये हात घातला. आजही त्याच्यापेक्षा मला माझाच जास्त राग येतो तो या जागी.

क्रेटमधले डबे बिननावाचे. सगळ्यांवर साडेचारशे वॉट छापलेलं. मग मी आमच्या धंद्यातली अक्कल चालवली. मेलेले पॉवर सप्लाय आमच्याकडे रोज येतात. आई ते फोडते, आतलं तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं करते. ज्यात माल चांगला तो डबा जड, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. मी एकेक डबा तळहातावर घेऊन तोलू लागले.

"वजन करतेस होय? किलोवर नेणार का?"

आता मात्र तिघंही हसली. मी सगळ्यात जड डबा उचलला, पैसे टाकले आणि बाहेर पडले. लोक याला निवडणं म्हणतील, पण खरं तर मी पळाले. महिनाभर वाचलेलं सगळं त्या पायरीवर सांडून आले.

कॉम्प्युटर पाच दिवस चालला. चौदा ड्रॉइंग झाली. सहाव्या दिवशी दुपारी लाइट गेली, आली, आणि डब्यातून फट्ट आवाज झाला. जळक्या रबराचा वास खोलीभर. मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क गेली. पेनड्राइव्हवर पहिली चारच उतरवून ठेवली होती. वर्कशॉपवाल्याला फोन केला. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "बेटा, माझ्यावर पार्टीचं प्रेशर आहे. मी दुसऱ्याला देतो काम." दिलं.

संध्याकाळी आईने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सवयीने डबा उघडला. आत तांब्याचा गोळा लिंबाएवढा. वायरी दोऱ्याएवढ्या बारीक. आणि तळाला डिंकाने चिकटवलेली सिमेंटची लादी. नुसती वजनाला.

आईने लादी नखाने खरवडली. "ह्ये तर ओल्या पुठ्ठ्यावानी झालं," म्हणाली. आमच्याकडे काही लोक पुठ्ठा पाण्यात भिजवून विकायला ठेवतात, काट्यावर जास्त भरावा म्हणून. आई असा पुठ्ठा वासावरून ओळखते. मी नाही ओळखला. डबा हातात तोलून बघणाऱ्यांसाठीच कोणीतरी ती लादी बसवली होती. म्हणजे आमच्यासारख्यांसाठी. काचेच्या कपाटातलं घेणारा माणूस डबा तोलत नाही, तो वॉरंटी वाचतो.

दुसऱ्या दिवशी मी लादी आणि डबा घेऊन दुकानात गेले. आई हट्टाने बरोबर आली. तिने चपला पायरीवर काढल्या. तिथे कोणीच काढत नाही.

मी लादी काउंटरवर ठेवली. म्हटलं, "हे तुमच्या पॉवर सप्लायमधून निघालं. माझा बोर्ड जळाला, डिस्क जळाली."

दुकानदाराने लादीकडे पाहिलंही नाही. "स्टिकर तोडलंस. वॉरंटी संपली." मग दुकानात गर्दी आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. आवाज खाली आला. "हे बघ, मी माणुसकीने वागतो. एक कागद लिहून दे. मला समजत नव्हतं, मी चुकीचं जोडलं, माझ्यामुळे जळालं. सही कर. मी तुला तो वरचा देतो. वर एक रुपया नको."

त्याने खरंच काचेचं कपाट उघडलं आणि तो खोका बाहेर काढला. माझा खोका. महिनाभर ज्याच्यावर नजर होती तो. बोर्ड काय, भंगारात आणखी एखादा मिळाला असता. मग हा जोडला असता. पुन्हा काम मागता आलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरून गेलं, खोटं कशाला सांगू.

"लिहून दे ना, माय," आई म्हणाली. "कागदच तर हाय. आपलं काय जातंय?"

आईने असे कागद खूप लिहून दिलेत. बंगल्यातला पितळी नळ हरवला तेव्हा, तिने घेतला नसताना, 'चुकून पोत्यात आला असेल' म्हणून सही केली होती. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने हात धरला तेव्हा 'माझीच चूक' म्हणून सही केली होती. सही केली की सोडतात. तिला तेवढंच माहीत होतं, आणि ते खरंही होतं.

मी कागद वाचला. दुकानदाराने मधल्या वेळात स्वतःच लिहून ठेवला होता. 'मला यातील ज्ञान नाही' असं पहिलं वाक्य होतं.

"मी बरोबर जोडलं होतं," मी म्हणाले. "सगळ्या केबल बरोबर होत्या. तुम्ही लादी विकलीत."

"मग चालू पड."

शेजारी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी लादी उचलून बघितली, खाली ठेवली आणि दुकानदाराला विचारलं, "माझी पावती झाली का?" मी सही केली नाही. दुकानदाराने खोका परत कपाटात ठेवला आणि काच सरकवली.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "लय शानी झालीस." दोन दिवस तिने माझ्या हातचं जेवण घेतलं नाही.

याला आता वर्ष होत आलं. त्या दुकानदाराचं काही वाकडं झालं नाही, गर्दी तशीच असते. ग्राहक मंचात जायचं तर पावती लागते, आणि सुट्या डब्याची पावती त्याने दिलीच नव्हती. अंबडचं काम ज्याला मिळालं त्याच्याकडेच आहे. मी सकाळी आईबरोबर निघते. ग्राफिक्स कार्ड धूळ खात पडलंय. नवा कॉम्प्युटर उभा राहील असं मला वाटत नाही, आणि वाटतं असं सांगून मी कोणाला बरं वाटू देणार नाही.

पण जे मला येतं ते मला येत नाही, असं मी माझ्या हाताने लिहून देणार नाही. काम मिळणार असेल तरी नाही. आई रडली तरी नाही. आमच्या घरातली तसली शेवटची सही आईने केली आहे. यापुढे ज्याला तसा कागद हवा असेल, त्याने तो कोराच परत न्यावा.