कडेची खुर्ची

"अहो, त्या खुर्चीवर कोणीतरी बसा की!" मी पुन्हा ओरडलो. कोणी बसेना.

आज ज्याला नवी मुंबई म्हणतात, तिथे तेव्हा खाडी होती, मिठागरं होती आणि कोळ्या-आगऱ्यांची गावं होती. माझा स्टुडिओ पनवेलला. खाडीकाठच्या एका कोळीवाड्याने नवं देऊळ बांधलं आणि देवळासमोर अख्ख्या गावाचा फोटो काढायला मला बोलावलं. फोटो देवळातच लागणार होता. गावाचं नाव सांगत नाही. फोटोतल्या लोकांची नातवंडं अजून तिथेच राहतात आणि भांडायला ती आजोबांपेक्षा कमी नाहीत.

पुढच्या रांगेत पंचांसाठी खुर्च्या होत्या. मधली हिराजी नाखव्यांची. नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि हे गावकीचेही मुख्य. बाकीचे पंच बसले, कडेची एक खुर्ची उरली. ती जोमाने घ्यावी की पोशाने, यावर घोडं अडलं. दोघेही पंच, दोघेही म्हातारे, आणि कडेला बसणं दोघांनाही कमीपणाचं; पण दुसरा बसला आणि आपण उभे राहिलो, तर त्याहून कमीपणा. शेवटी दोघे त्या खुर्चीच्या मागे उभे राहिले. दुसरा बसू नये म्हणून खुर्चीची पाठ मात्र दोघांनी घट्ट धरून ठेवली.

माझा कॅमेरा काचेच्या प्लेटचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा करायचा. लेन्सची टोपी काढायची, मनात आकडे म्हणायचे, टोपी परत लावायची. तेवढ्या वेळात जो हलेल त्याचं तोंड फोटोत पुसट येणार. एक प्लेट आधीच शिंकांमध्ये वाया गेली होती. आता शेवटची उरली होती आणि ऊन उतरायला लागलं होतं. नाखव्यांनी दम भरला, "आता जो हलंल नायतर बोलंल, त्याचं मी बघतो!" सगळा गाव दगडासारखा बसला.

आणि ती खुर्ची तशीच रिकामी. पडलेल्या दाताच्या फटीसारखी दिसत होती. माझं डोकं फिरलं. समोरच्या एका घराच्या ओट्यावर लाल टोपी, धुवट सदरा घातलेला एक माणूस एकटाच उभा होता.

"ओ, तुम्ही! तिथे काय करताय? या इकडे, बसा."

"मी?" त्याने विचारलं.

"तुम्हीच. लवकर या, उजेड चाललाय."

तो आला. नाखव्यांकडे बघितलं. नाखवे हलले नाहीत, बोलले नाहीत. तो बसला. मी लेन्सची टोपी काढली, लावली, म्हटलं, "झालं."

मग जो गोंधळ उठला, तो विचारू नका.

त्या माणसाचं नाव धर्मा. गावकीने त्याला वाळीत टाकलं होतं. म्हणजे त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय गावात होडी पाण्यात घालत नाहीत. धर्माने त्याच्या आधीच घातली, कारण बायको तापाने फणफणली होती आणि पनवेलचा दवाखाना गाठायचा होता. परत येताना त्याने जाळंही टाकलं. गावाने दवाखाना माफ केला, मासळी केली नाही. त्यावर धर्मा पंचांना म्हणाला, "दर्याला माजा राग आला नाय, तुमालाच कसा आला?" झालं, टाकला वाळीत.

फोटो तयार झाला त्याच आठवड्यात धर्माची बायको चांगुणा स्टुडिओत आली.

"भाऊ, पोरीचं उरनला ठरलंय. व्याह्यांच्या कानावर गेलं, आमाला गावानं टाकलंय म्हनून. ते म्हनतात, तसं असंल तर लगीन मोडलं. फोटोत आमचे धनी हायत ना?"

मी कॉपी तिच्यापुढे ठेवली. धर्मा बसल्यामुळे खुर्चीची पाठ झाकली गेली होती. जोमाने आणि पोशाने अगदी मायेने त्याच्या खांद्यांवर हात ठेवलेत, असंच दिसत होतं. चांगुणा पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडायला लागली.

"सकाळपासून कपडे घालून ओट्यावर उभे होते. बोलावतील म्हनून," ती म्हणाली.

 फार वाईट वाटलं. कॉपी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी नाखवे हजर. "त्याला फोटोतून काढून टाक."

"प्लेटवरून खरवडता येईल," मी म्हटलं. "पण मग तिथे माणसाच्या आकाराचा काळा डाग येईल, आणि त्याला कुरवाळताना जोमा-पोशा दिसतील."

"मग कड कापून टाक."

"कापतो. पण मागे उभे असलेले जोमा आणि पोशा पण जातील. त्यांना तुम्ही सांगाल?"

नाखव्यांनी फोटो उलटसुलट करून बघितला. "मग दुसरा काढ."

मला आता राग आला होता. एका जाळ्याच्या मासळीपायी घरदार वाळीत टाकायचं आणि वर माझ्या प्लेटवर सुरी चालवायची! पण गिऱ्हाईक होतं. मी शांतपणे म्हटलं, "काढू की. फक्त कडेच्या खुर्चीवर कोण बसणार, ते आधी ठरवून मला कळवा."

नाखव्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "चा सांग."

गावकीची बैठक झाली. धर्माने दर्याला नारळ द्यायचा, माफी मागायची आणि गावाने त्याला परत घ्यायचं, असं ठरलं. नारळ त्याने दिला. माफी मागितली की नाही, यावर गावात अजून दोन मतं आहेत. फोटो होता तसा देवळात लागला. लग्नाला व्याही मंडळी उरणहून होड्या भरून आली आणि नाखव्यांनी स्वतः उभं राहून जेवणाच्या पंगती वाढल्या. फोटो मीच काढले.

पुढे मी खूप गावांचे, मंडळांचे, शाळांचे ग्रुप फोटो काढले. कोण कोणाचा, कोण का लांब उभा आहे, हे आधी कधीच विचारलं नाही. विचारत बसलं की फोटोतली माणसं कमी होतात.